मन कधीच वर पोचलंय

ठाण्यातल्या येऊरच्या चढावर, वनखात्याची चौकी अजून दिसायची होती तिथे, माझी धाकटी जाऊ रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. आषाढातली रविवारची सकाळ. उपवनच्या काठावर कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटायला अजून अवकाश होता, झाडांवरून पाणी निथळत होतं आणि रस्त्याच्या कडेने लाल गढूळ ओहोळ आमच्या उलट दिशेने खाली पळत होता. तिच्या मांड्या थरथरत होत्या. गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला, स्नायूचा एक पट्टा आपला आपणच उडत होता. ती त्यावर तळहात दाबून धरत होती आणि तो तळहाताखालीही उडत होता. आमच्या ग्रुपमधले एक अनुभवी गृहस्थ मागून आले, थांबले आणि अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "मॅडम, पाय कधीच थकत नसतात. थकतं ते मन. उठा, चला!" ती उठली नाही. ते वळणाआड गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मन तर कधीच वर पोचलंय हो. पायच येत नाहीयेत."

तिचं हे बोलणं आणि त्यांचं ते बोलणं, दोन्ही माझ्या डोक्यातून जाईना. 'थकतं ते मन' हे काही त्या गृहस्थांचं स्वतःचं नव्हे. घोडबंदर रोडवरच्या जिमच्या भिंतींवर ते मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, वर्षा मॅरेथॉन जवळ आली की सकाळी सकाळी फॉरवर्ड होऊन येतं, मुलांच्या क्रीडा शिबिरांत माइकवरून ऐकू येतं. त्यात काहीच तथ्य नसतं तर मी सोडून दिलं असतं. थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त खुपतं. कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ फार लवकर बदलतो: तुझे पाय थांबले म्हणजे तू कमी पडलीस. आठवडाभर पहाटे उठून दोन डबे करणारी, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने जाणारी बाई रविवारी हौसेने डोंगर चढायला येते आणि तिच्या वाट्याला हा ठपका येतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. स्नायूच्या पेशीत त्या वेळी काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि ते इतकं नेमकं, इतकं शहाणपणाचं असतं की त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं मला सहन होत नाही.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात फ्लाय प्रेसवर होते. वरचा जड दांडा हाताने गरकन फिरवायचा, स्क्रू खाली उतरतो, पत्र्याला आकार बसतो, दांडा पुन्हा मागे. दिवसभर तेच. संध्याकाळी किसननगरच्या आमच्या खोलीत ते आले की आई त्यांना चहा पेल्यात देई आणि तोही अर्धाच, कारण भरलेला पेला उजव्या हातात हिंदकळायचा. बाबा डाव्या हाताने उजवं मनगट धरून चहा पीत. त्यांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास असे, तो साबणानेही जात नसे. तासाभराने जेवायला बसले की घास नीट तोंडाशी जायचा, जणू मघाचा हात दुसऱ्याच कुणाचा होता. मी लहान होते, पण हे मी रोज बघायचे आणि मला त्याचं कोडं पडायचं: हात दुखत नाही म्हणतात, ताप नाही, जखम नाही, मग तो थरथरतो का, आणि नुसतं बसल्याने बरा कसा होतो? बाबांच्या मनाबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. डबल पाळी मिळाली तर ते आनंदाने थांबत. त्यांचं मन कधी थकलं असेल तर ते आम्हाला कळू दिलं नाही. हात मात्र रोज थकायचा.

पाय थकतात की मन, हा प्रश्न विज्ञानालाही जुना आहे. इटलीत, तुरीन शहरात, अँजेलो मोसो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक यंत्र केलं. हात पट्ट्यांनी बांधून ठेवायचा, फक्त मधलं बोट मोकळं, त्या बोटाला दोरीने वजन लावलेलं. ठरावीक ठेक्यावर बोट वाकवायचं, वजन उचलायचं, आणि प्रत्येक उचल कागदावर रेघ होऊन उमटायची. रेघा हळूहळू बुटक्या होत शून्यावर येतात. मोसोला दिसलं की विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोट नेहमीपेक्षा लवकर थकतं. बोटाने काही काम केलेलं नसताना. म्हणजे डोक्याचा हात यात आहेच. पुढे १९५४ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिक मर्टन यांनी अंगठा आत ओढणारा तळहातातला स्नायू घेतला. माणसाने जोर लावून लावून तो पार थकवायचा, आणि मग त्याच्या नसेला विजेचा झटका द्यायचा. मन जर हात आखडता घेत असेल, तर मनाला वगळून दिलेल्या झटक्याने स्नायू पुन्हा जोरात ओढला गेला पाहिजे. तसं झालं नाही. इतकंच नाही, दंडाला पट्टा आवळून रक्त अडवलं, तर पट्टा सोडेपर्यंत ताकद परत आलीच नाही, माणूस कितीही इच्छेने जोर लावो. थकवा स्नायूतच होता. नंतरच्या जास्त बारीक मोजमापांत मेंदूचाही वाटा सापडला, पण स्नायूचा वाटा कुणाला पुसता आला नाही.

बाबांचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर येतो.

मांडीतला एक स्नायुतंतू म्हणजे एकच पेशी असते. जाडी केसाएवढी, लांबी काही सेंटीमीटर. तिच्या आत हजारभर सूक्ष्म दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीत दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले: मायोसिन आणि ॲक्टिन. मायोसिनचं डोकं ॲक्टिनला पकडतं, वाकतं, ओढतं आणि सोडतं. एका ओढीत धागा सरकतो तो मिलिमीटरचा जेमतेम लाखावा भाग. येऊरच्या चढावर एक पाऊल टाकायला अशा किती ओढी लागत असतील याचा विचार केला की मला दर वेळी थांबून श्वास घ्यावासा वाटतो. प्रत्येक ओढीनंतर पकड सोडवण्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या तयार इंधनाचा, एक रेणू लागतो. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी शोधला, आणि आता तो आमच्या अकरावीच्या वर्गात सगळ्यांच्या तोंडी असतो. मुलांना खरं वाटत नाही ते हे, की स्नायूत साठवलेला एटीपी पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांपुरताच असतो. तो सतत नव्याने भरावा लागतो. जोराच्या व्यायामात त्याचा खप विश्रांतीच्या शंभरपटीहूनही वर जातो. पहिल्या काही सेकंदांत क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट देऊन एटीपी भरतं, मग ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, घाईघाईने फोडलं जातं, आणि सावकाश पण टिकाऊ पुरवठा मायटोकाँड्रिया, पेशीतल्या इवल्या भट्ट्या, ऑक्सिजन वापरून करतात.

इथे बहुतेकांचा समज असा असतो की हा साठा संपतो म्हणून पाय थांबतात. तसं नसतं. पार गळून गेलेल्या माणसाच्या मांडीतला सुईने काढलेला तुकडा तपासला, तरी त्यात एटीपी बऱ्यापैकी शिल्लक असतो. काही वेगवान तंतूंमध्ये तो बराच खाली जातो, पण संपत नाही. आणि संपत नाही हे फार बरं आहे, कारण एटीपी नसेल तर मायोसिनला पकड सोडताच येत नाही. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठरतं ते याच कारणाने. आजी गेली तेव्हा तिच्या हाताची मूठ उघडून त्यात तुळशीचं पान ठेवायला मोठ्या काकूंना किती वेळ लागला होता, ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा मला वाटलं होतं की आजी काही तरी घट्ट धरून गेली. एटीपी शून्यावर येणं म्हणजे ते. जिवंत पाय तिथवर जाऊ देत नाही.

तो रिकामा होऊन थांबत नाही. रिकामा होऊ नये म्हणून थांबतो.

हे थांबवणं घडतं कसं, ते मला सगळ्यात मोहवतं. मेंदूचा आदेश नसेतून स्नायूपर्यंत येतो, पेशीच्या पृष्ठभागावरून विजेच्या लाटेसारखा पसरतो आणि बारीक नळ्यांतून आत शिरतो. आत कॅल्शियमचा साठा केलेल्या पिशव्या असतात. आदेश पोचला की त्यांची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर पडतं, ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनला पकड मिळते. काम झालं की कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत खेचून घ्यायचं, त्यालाही एटीपी लागतो. आता क्रिएटिन फॉस्फेट भराभर फुटतं तेव्हा सुटा फॉस्फेट पेशीत साचत जातो. तो दोन गोष्टी करतो. एक तर मायोसिनची घट्ट पकड बसू देत नाही, त्यामुळे ओढी होतात पण जोर कमी. आणि दुसरं म्हणजे तो त्या पिशव्यांत शिरतो आणि कॅल्शियमशी जुळून त्याचा साका तयार होतो. हाडं ज्या घराण्याच्या पदार्थाची असतात, त्याच घराण्यातला हा पदार्थ, कॅल्शियम फॉस्फेट. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत खडे धरतात, मीठ तर भरपूर असतं पण भुरभुरत नाही, तसं ते कॅल्शियम आत असूनही बाहेर सुटत नाही. दार उघडतं आणि थोडंसंच बाहेर येतं. पाय जड होतो. ऑस्ट्रेलियातले डेव्हिड ॲलन आणि स्वीडनमधले होकान वेस्टरब्लाड यांनी एकेक सुटा तंतू हाताळून हे चित्र जुळवत आणलं. एक एकटा जिवंत तंतू बारीक चिमट्यांत धरायचा, झटके देऊन थकवायचा, आणि आतलं कॅल्शियम चमकत्या रंगद्रव्याने बघायचं. थकलेल्या तंतूला भरपूर कॅफीन दिलं तर पिशव्यांची दारं सताड उघडतात आणि तो तंतू पुन्हा जोरात आखडतो. म्हणजे यंत्र शाबूत असतं, ताकद शिल्लक असते, फक्त तिला बाहेर पडायची वाट अरुंद केलेली असते. (हे कॅफीन कॉफीच्या कपातलं नव्हे. ती मात्रा माणसाला विषासारखी ठरेल. वर्गात हे सांगितलं की कुणीतरी एनर्जी ड्रिंकचं नाव काढतंच, म्हणून इथेही सांगून ठेवते.)

आणखी एक अडसर पेशीच्या दारातच असतो. प्रत्येक आदेशागणिक थोडं पोटॅशियम पेशीबाहेर पडतं. ते परत आत घेणारा पंप डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या नसांत ओळखला आणि १९९७ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जोराच्या व्यायामात पंप मागे पडतो, पोटॅशियम त्या बारीक नळ्यांत साचतं, आणि आदेशाची लाट आतपर्यंत पोचता पोचता क्षीण होते.

आणि लॅक्टिक ॲसिड? ग्रुपमध्ये कुणाचेही पाय भरून आले की हेच नाव निघतं. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या पायांत दाखवून दिलं की थकलेल्या स्नायूत ते साचतं आणि ऑक्सिजन मिळाला की कमी होतं. त्यावर पुढे काम करणाऱ्या हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, त्यातून एक दुसरीचं कारण ठरली, आणि पुढची कित्येक दशकं ती तशीच राहिली. पण आधीचे बरेचसे प्रयोग थंड तापमानात झालेले होते. १९९० च्या दशकात उंदरांचे स्नायू शरीराच्या तापमानाच्या जवळ ठेवून पाहिले, तेव्हा आम्लाने ताकद घटते ती फारच थोडी, असं दिसलं. आणि लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरात असणारं रूप, हा तर कचराच नव्हे. बर्कलीचे जॉर्ज ब्रुक्स अनेक वर्षं हेच मांडत आले: एका तंतूत तयार झालेलं लॅक्टेट शेजारचा तंतू जाळतो, हृदय ते आवडीने जाळतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. ज्याला शंभर वर्षं आरोपी ठरवलं, ते त्या घटकेला इंधन पुरवत होतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, एखाद्या माणसाबद्दल वाटावं तसं.

मग ती जळजळ कसली? चढावर मांडीत भडका उठतो तो तर प्रत्येकाने अनुभवलेला असतो. २०१४ साली अमेरिकेतल्या युटामध्ये झालेला एक प्रयोग मी कधी विसरणार नाही. स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत तीन पदार्थ टोचले: आम्ल, लॅक्टेट आणि एटीपी. एकेकटे टोचले तर विशेष काही जाणवलं नाही. तिन्ही एकत्र, मध्यम व्यायामात असतात तेवढ्या प्रमाणात टोचले, तर लोक सांगू लागले की अंगठा थकल्यासारखा, जड झाल्यासारखा वाटतोय. प्रमाण वाढवलं तर दुखतोय, तापलाय. अंगठा स्वस्थ पडून होता. स्नायूत अशा बारीक नसा आहेत ज्यांचं काम आतली परिस्थिती मेंदूला कळवणं एवढंच आहे, आणि त्या एका सुट्या खुणेवर विसंबत नाहीत, तीन खुणा जुळल्या की बोलतात. याच्याही आधी, २००९ साली, काही तयारीच्या सायकलपटूंच्या कण्यात फेंटॅनिल हे वेदनाशामक टोचून पायांकडून वर जाणारे हे निरोप अडवले होते. पायांची ताकद तशीच, फक्त निरोप बंद. पाच किलोमीटरची शर्यत. ते सुरुवातीला नेहमीपेक्षा जोरात सुटले. उत्तरार्धात मंदावले. एकूण वेळेत काही कमाई झाली नाही, आणि शेवटी त्यांचे स्नायू एरवीपेक्षा कितीतरी जास्त थकलेले निघाले. काहींना सायकलवरून उतरल्यावर धड चालता येईना.

त्या गृहस्थांच्या बोलण्यातलं तथ्य मला इथे सापडतं, आणि त्यातली गफलतही. मेंदू हात आखडता घेतो हे खरं. पण तो स्वतःच्या लहरीने घेत नाही, पायांचं ऐकून घेतो. ज्यांना ते ऐकू येणं बंद केलं, त्यांची मनं मोकाट सुटली आणि पायांचे हाल झाले.

त्या रविवारी आम्ही चढ पूर्ण केला नाही, निम्म्यावरून उतरलो. उतरताना ती मजेत होती, गाणं गुणगुणत होती, एका ठिकाणी तर धावलीसुद्धा. सोमवारी तिला काही वाटलं नाही. मंगळवारी सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून फलाटावर उतरताना तिचा मला फोन, आवाज रडवेला: "ताई, चढताना काही नाही, उतरतानाच जीव जातोय." मागून लोक ढकलत होते, ती कठड्याला धरून एकेक पायरी बाजूने उतरत होती. 'लॅक्टिक ॲसिड राहिलं असेल, मालिश करून घे' असं तिला ऑफिसात सांगण्यात आलं. लॅक्टेट तर येऊरहून घरी पोचून अंघोळ होईस्तोवरच ओसरलेलं असतं. ही वेगळीच गोष्ट आहे, आणि चढाने नव्हे तर उताराने झालेली. उतरताना मांडीचा स्नायू आखडलेला असतानाच ताणला जातो, वजन झेलत झेलत लांबतो. १९८१ साली स्वीडनमध्ये लोकांना जिने धावत उतरायला लावून नंतर त्यांच्या पोटरीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्या बारीक दोऱ्यांचे एरवी सरळ दिसणारे जोड वेडेवाकडे, कुठे विस्कटलेले दिसले. वेदना एक-दोन दिवसांनी चढते, कारण दुरुस्तीची लगबग तेव्हा जोरात असते. आणि एकदा असा उतार झेललेला स्नायू पुढच्या वेळी तेवढाच उतार कितीतरी कमी त्रासात झेलतो. मी तिला एवढंच सांगितलं, की चार दिवसांत जाईल आणि पुढच्या वेळी इतकं होणार नाही. तसंच झालं.

आता मी जर म्हटलं की पाय थांबले की आपणही थांबावं, तर तेही खरं नाही, आणि इथे माझं मन द्विधा होतं. कारण स्नायू बदलतो तो अशाच ओढाताणीतून. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदीर आठवडेच्या आठवडे पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूंतली मायटोकाँड्रियाची क्षमता साधारण दुप्पट होते. २०१५ साली स्टॉकहोममध्ये हौशी व्यायाम करणाऱ्यांना तीस सेकंद जीव तोडून सायकल, चार मिनिटं विश्रांती, असे सहा फेरे करायला लावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्नायूंत कॅल्शियमच्या पिशव्यांची दारं अक्षरशः तुकडे झालेली आढळली, कॅल्शियम झिरपत होतं. तीन मिनिटांच्या व्यायामाने! आणि संशोधकांच्या मते ते झिरपणंच पेशीला नवे मायटोकाँड्रिया घडवायचा इशारा देत असावं. मुरलेल्या खेळाडूंमध्ये तशी मोडतोड दिसली नाही. म्हणजे ते गृहस्थ तिला "उठा" म्हणाले यात वाईट काही नव्हतं. "दोन मिनिटं बसा, मग उठा" म्हणाले असते तर मी त्यांचे आभार मानले असते. कारण क्रिएटिन फॉस्फेट निम्मंअधिक भरून यायला मिनिटभर पुरतं, आणि चार-पाच मिनिटांत ते जवळजवळ पूर्ववत होतं. बाबांचा हात चहानंतर सावरायचा तो असा.

पण सगळंच चार मिनिटांत सावरत नाही, आणि याची मला सध्या काळजी आहे ती भाच्यामुळे. तो वर्तकनगरच्या एका गोविंदा पथकात आहे, तळाच्या थरात. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रात्री दहानंतर त्यांचा सराव सुरू होतो. मी एकदा मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिला. सगळ्यांचे डोळे वर चढणाऱ्या पोराकडे असतात. मी खाली बघत होते. ओल्या मातीत रुतलेले अनवाणी पाय, एकमेकांच्या खांद्यांत गुंतलेले हात, मान खाली, आणि कुणीही हलत नाही. हालचाल नसलेला हा जोर स्नायूला सगळ्यात निर्दय, कारण सतत आखडलेला स्नायू आपल्याच दाबाने आपल्यातल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतो. ऑक्सिजन आत येत नाही, साचलेलं बाहेर जात नाही. मर्टन यांचा पट्टा इथे स्नायू स्वतःच आवळतो. वाल्टर रोमर्ट या जर्मन संशोधकाने १९६० साली मोजून ठेवलंय की पूर्ण ताकदीच्या निम्मा जोर सलग धरला, तर तो साधारण मिनिटभर टिकतो. थर झटपट लागतात, सलामी होते, उतरतात. जे तंतू थकतात त्यांच्या जागी मेंदू दुसरे, दांडगे तंतू कामाला लावतो, ते एकाच वेळी झटक्याने ओढतात आणि त्यातून थरथर सुरू होते. भाचा म्हणतो, "आत्या, थरथर खालूनच सुरू होते. वरच्याला ती आमच्या आधी कळते."

२०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने आमच्या ठाण्यातच नऊ थर लावून गिनीजमध्ये नाव नोंदवलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक गल्लीतल्या पोराच्या डोक्यात तो आकडा आहे. गोपाळकाल्याच्या दिवशी पथक ट्रकमधून हंडीहून हंडीला जातं. पावसात भिजायचं, नाचायचं, वडापाव खायचा, दोन हंड्यांच्या मध्ये अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात फॉस्फेटचा हिशेब मिटतो, पोटॅशियम जागेवर जातं, आणि पोरांना वाटतं आपण पुन्हा ताजे. एक सणसणीत धक्का द्यायला सांगा, ते देतीलही. पण वारंवार थकलेल्या स्नायूत कॅल्शियम सुटण्याचं प्रमाण तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, कमीच राहतं. हे १९७७ पासून ठाऊक आहे. त्याचा फटका पूर्ण जोराला फारसा बसत नाही, मध्यम जोराला बसतो. म्हणजे नेमकं तळाच्या थराचं जे काम, मध्यम जोर धरून ठेवण्याचं, तेच संध्याकाळी जास्त महाग पडतं. सकाळच्या पहिल्या हंडीला जेवढ्या आदेशात भागलं, त्याहून कितीतरी जास्त आदेश तेवढ्याच जोरासाठी द्यावे लागतात.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, शेवटच्या दोन-तीन हंड्यांना तळाची माणसं बदला. दुपारपर्यंत जे खाली उभे राहिले त्यांनी संध्याकाळी बाहेरच्या कड्यात, आधार द्यायला उभं राहायचं. त्याने नीट ऐकून घेतलं. कॅल्शियमचं सगळं त्याला कळलं असं नाही, पण संध्याकाळी पाय कसे लागतात ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याने प्रशिक्षकांकडे विषय काढला. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण तळाला मुरलेले दुसरे गडी हवेत, ते एका महिन्यात तयार होत नाहीत, आणि शिवाय संध्याकाळी 'मी थकलोय' असं स्वतःहून सांगणार कोण. भाचा म्हणाला, मी सांगेन. आता सरावाला त्याच्या जागेवर आठवड्यातले दोन दिवस दुसरा एक मुलगा उभा राहतो, कळव्याहून येतो, नवा आहे. त्याचे गुडघे पहिल्या थरालाच लटपटतात, म्हणून सध्या त्याच्या खांद्यावर एकच थर देतात आणि मध्ये पाच मिनिटं बसवतात.